पिशवीत न आलेली बरणी

४ फेब्रुवारी

बायकोनं ही डायरी आणून दिली. का, असं विचारलं तर म्हणाली, "मोठ्या हॉस्पिटलात तुझं ऐकायला ज्युनिअर लोकांची फौज होती. आता मी एकटी आहे. थोडं इथे लिहीत जा." ती शाळेत गणित शिकवते. तिचं बोलणं असंच, उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी.

तर आज दवाखाना सुरू झाला. घराच्या पुढच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत पेशंट. बाहेरच्या खोलीचं मागचं दार थेट आमच्या स्वयंपाकघरात उघडतं. सिस्टर म्हणाल्या, हे दार कायमचं बंद करून टाका, दवाखान्यात घर आणि घरात दवाखाना नको. सिस्टर माझ्यापाठोपाठ हॉस्पिटल सोडून आल्या आहेत, त्यामुळे मी त्यांचं सहसा ऐकतो. पण दार राहू दिलं. चहाला जायला सोयीचं पडतं.

हॉस्पिटलात एका पेशंटला सात मिनिटं मिळायची. त्यातली दोन तर त्याला शर्ट वर करायला लागायची. इथे मी मनसोक्त ऐकणार आहे. दारावर पाटी लावली आहे: "येताना जे जे गिळता ते सगळं पिशवीत घालून आणा." गोळ्या, चूर्णं, ताकदीचे डबे, शेजाऱ्यानं दिलेलं, टीव्हीवर पाहून मागवलेलं, सगळं. पोटाच्या आणि लिव्हरच्या निम्म्या दुखण्यांचं कारण पेशंटच्या घरच्या कपाटात सापडतं, असं माझं ठाम मत आहे. पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायचं: हे कधीपासून, कोणी दिलं, कशासाठी.

पहिले पेशंट समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. बारीक अंगाचे, बोलताना समोरच्याचा चष्मा सरळ करायची सवय. माझाही केला. छातीत जळजळ, दोन महिने. त्यांच्या पिशवीतून मान दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी घेत होते, वर कडक कॉफी. त्या गोळ्या बंद केल्या, पोटाची एक गोळी दिली. दुर्बीण नाही, सोनोग्राफी नाही. पिशवीनं पहिल्याच दिवशी नाव काढलं. मी दिवसभर हवेत होतो.

११ फेब्रुवारी

आठवड्यात चारच पेशंट. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

आईची काळजी वाटते. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे आहे, पण नसल्यासारखी. मागच्या खोलीत खिडकीशी बसून असते. विचारलं तर "बरी आहे." ही तीच बाई, जिच्याकडे बाबांच्या बदलीच्या प्रत्येक गावात आळीतली माणसं सर्दी-खोकला, पोरांची पोटदुखी घेऊन यायची आणि जाताना पुडी घेऊन जायची. आता तिला कुणी काही विचारत नाही. मी तर पोटाचा डॉक्टर, मी काय विचारणार.

बायको म्हणाली, तिला बाहेर बसू दे की, पेशंटांशी चार शब्द बोलेल. मी म्हटलं दवाखान्यात आई शोभत नाही. ती म्हणाली, "चार पेशंटांत काहीही शोभतं."

१९ फेब्रुवारी

आई तीन दिवस बाहेर बसते आहे आणि घरात दिवा लागल्यासारखं वाटतं. दाराजवळची वेताची खुर्ची तिनं आपली करून टाकली. कोण आलं, कुठून आलं, मुलगी कुठे दिली, सगळं तिला ठाऊक. पेशंट माझ्या खोलीत येतात तेव्हा निम्मे बरे होऊन येतात. गंमत म्हणजे ती पेपर स्वतः वाचत नाही, पेशंटांकडून वाचून घेते. त्यांचा वेळ जातो, ते आजार विसरतात. मोठी युक्ती आहे, मला सुचली नसती.

बायकोनं कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड ठेवलं आहे, त्याला आई रोज पाणी घालते. फरशी ओली होते म्हणून सिस्टर कुरकुरल्या. मी म्हटलं असू द्या, तिची माया आहे.

२ मार्च

चष्मेवाल्यांची जळजळ पार गेली. आभार मानायला आले आणि आईला पेपर वाचून दाखवत तासभर बसले. दुकान समोरच, गिऱ्हाईक आलं तर उठून जातात आणि परत येतात. मला म्हणाले, जरा थकवा वाटतो. वजन, रक्त, सगळं तपासलं, लिव्हर धरून सगळं नॉर्मल. झोप कमी आहे, मुलीचं बाळंतपण जवळ आलं आहे, त्याची धास्ती असेल. महिनाभरात भरून येईल, असं मी दारात उभा राहून मोठ्यानं सांगितलं. आईनं मान डोलावली.

घरातल्या काचेच्या बरण्या कमी होत चालल्या आहेत. बायकोनं माझ्यावर आळ घेतला. मी बरण्यांचं काय करणार?

१४ मार्च

खोली भरलेली असते आता. आज उभं राहायला जागा नव्हती. गॅस, आम्लपित्त, बद्धकोष्ठ, दोन फॅटी लिव्हर, एक पित्ताशयाचा खडा. पिशव्यांतून काय काय निघतं! एका आजोबांनी कुत्र्याच्या जंताची गोळी आणली होती, चुकून की काय विचारलं तर म्हणाले, त्याला गुण आला म्हणून.

आई सकाळी मागच्या कुंपणापाशी फिरते, दुपारी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येतो. एक पेशंट म्हणाली, तुमच्याकडे किती घरगुती वाटतं. आईच्या गालावर रंग आला आहे. मलाही रोज सकाळी हातात गरम पाण्याचा पेला देते, लहानपणी द्यायची तसा. पाण्याला मात्र अलीकडे कडवट चव येते. फिल्टरवाल्याला बोलावलं पाहिजे.

१७ मार्च

फिल्टर बदलला. तरी कडूच. फिल्टरवाला म्हणाला, पाणी झकास आहे, तुमचं तोंड आलं असेल. उद्धट माणूस.

२ एप्रिल

दुपारी चष्मेवाले आले. गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना त्यांचं लक्ष आरशातल्या आपल्या डोळ्यांकडे गेलं. पांढऱ्याच्या जागी पिवळं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारा माणूस, त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. लघवी गडद, भूक मेलेली, अंगाला खाज. मी झोपवून पोट तपासलं. लिव्हर बोटांना लागत होतं, दाबलं की दुखत होतं.

म्हणाले, "बारीक स्क्रू बसवताना हात कापतो डॉक्टर. हात गेला तर माझं दुकान काय कामाचं?"

मी म्हटलं, कारण शोधू, मग बघू. आवाज डॉक्टरासारखा ठेवला.

५ एप्रिल

रिपोर्ट. लिव्हरचं जे एन्झाइम चाळिशीच्या आत असावं ते नऊशेच्या वर. कावीळ चांगलीच. ए, बी, सी, ई, एकाही विषाणूचा पत्ता नाही. सोनोग्राफीत खडा नाही, नळी मोकळी. दारू ते घेत नाहीत, मी तिघांना वेगवेगळं विचारून खात्री केली. रक्त गोठण्याची चाचणी ठीक आहे, म्हणजे लिव्हर अजून काम करतं आहे. तेवढाच आधार.

पिशवी पुन्हा मागवली. पोटाची गोळी, जी मीच दिली होती. एक डोळ्यांत घालायचं औषध. झालं. गोळी बंद केली. पुन्हा पुन्हा विचारलं, बाहेरचं काही? जडीबुटी, ताकदीचं, कुणी दिलेलं? त्यांनी थोडं दुखावून सांगितलं की तुमच्याकडे येऊ लागल्यापासून मी बाहेरच्या कशालाही हात लावलेला नाही.

आईला फार वाईट वाटलं आहे. ती त्यांना रोज शेजारी बसवून घेते, बराच वेळ हळू आवाजात बोलते. असा माणूस पेशंटाला औषधापेक्षा उपयोगी पडतो.

४ मे

शाबास. मुलीच्या बाळंतपणासाठी चष्मेवाले तीन आठवडे तिच्या गावी जाऊन आले, नातू झाला आहे, आणि आकडा नऊशेवरून दीडशेवर. डोळे जवळजवळ पांढरे. हात स्थिर. नातवाच्या नाकावर चष्मा कसा बसेल याचं माप आत्ताच घेऊन ठेवलं म्हणाले.

म्हणजे माझ्याच पोटाच्या गोळीनं केलं असणार. क्वचित करते ती. मी ती बंद केली आणि लिव्हर सावरलं. घरी येऊन बायकोला सविस्तर सांगितलं, कसं एकेक शक्यता बाद करत मी तिथवर पोचलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी तू पाच एप्रिलला बंद केलीस. ते गावाला कधी गेले?" तेरा-चौदा एप्रिलला. "मग मधल्या आठवड्यात आकडा उतरला होता का?" मधल्या आठवड्यात थोडा वाढलाच होता. पण लिव्हर काही गणित नव्हे.

२६ मे

आकडा चौदाशे.

परत पिवळे. या वेळी जास्त. दुकानातून रस्ता ओलांडून येईपर्यंत दम लागला. काहीही नवीन औषध नाही, पोटाची गोळीसुद्धा नाही. मी पिशवी मागितली तर रिकामी पिशवी आणून टेबलावर झटकली आणि केविलवाणं हसले.

प्लॅस्टिकच्या झाडाखाली पुन्हा पाणी साचलं होतं, त्यावरून उगीच सिस्टरांवर डाफरलो.

३० मे

रक्तातली एक चाचणी किंचित वर आहे. शरीर आपल्याच लिव्हरवर उठतं, त्या आजारात तशी दिसते. तसं असेल तर स्टिरॉइड द्यावं लागेल, कदाचित वर्षानुवर्षं. साखर वाढेल, हाडं ठिसूळ होतील, चेहरा सुजेल. आणि नसेल तर उगीच दिलं असं होईल. लिव्हरचा तुकडा काढून तपासल्याशिवाय मी स्टिरॉइडला हात लावणार नाही. येत्या तीन तारखेला माझ्या जुन्या हॉस्पिटलात बायोप्सी. रक्त गोठण्याची चाचणी आता काठावर आली आहे. आणखी बिघडली तर गोष्ट लिव्हर बदलण्यापर्यंत जाते, हे मी त्यांना सांगितलं. सांगायला हवंच होतं. त्यांनी माझा चष्मा सरळ केला आणि ते गेले.

हॉस्पिटलातला माझा जुना साहेब फोनवर म्हणाला, एवढ्या दिवसांत निदान नाही? पिशवी रिकामी करून बघितलीस का? त्याला माझ्या पाटीची बातमी आहे. मला ते झोंबलं.

२ जून



सकाळी चष्मेवाले उद्याच्या सूचना घ्यायला आले. मी सांगितलं, सकाळपासून तोंडात काहीही घालायचं नाही, अन्न नाही, चहा नाही, साधं पाणीही नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं,

"आणि आईंची पूड? तीपण घ्यायची नाही ना?"

मला कळेना. कुणाची आई, मी विचारलं.

"तुमच्या. सकाळी गरम पाण्यातून घेतो ती. थकव्यासाठी तुम्ही चालू केलेली."

मी त्यांना जाऊन घेऊन या म्हणालो. ते रस्ता ओलांडून गेले आणि बरणी घेऊन आले. हिरव्या झाकणाची, झाकणाला एका बाजूला पोचा. आमची कॉफीची बरणी. तो पोचा मीच पाडला होता, गेल्या वर्षी, झाकण उघडत नव्हतं म्हणून ओट्यावर आपटून. आत अर्ध्यावर राखट हिरवी पूड. मी जिभेच्या टोकावर घेतली. माझ्या सकाळच्या पेल्याची चव.

विचारलं, पिशवीत का नाही आणली कधी. ते चकित झाले. तुमच्याकडचंच तुम्हाला काय आणून दाखवायचं, म्हणाले. मार्चच्या सुरुवातीपासून रोज दोन चमचे. मुलीकडे जाताना बरणी इथेच राहिली. आल्यावर आईंनी ताजी करून दिली, कावीळ होऊन गेली म्हणून तीन चमचे घ्यायला सांगितले.

मी बायोप्सी रद्द केली. त्यांना समोर बसवून सरळ सांगितलं: ही पूड मी दिलेली नाही, मला माहीतही नव्हती, माझ्या घरातून ती तुम्हाला मिळाली आणि बहुतेक तिनंच हे झालं आहे. आजपासून एक कणही नाही. रोज रक्त तपासू. रक्त गोठेनासं झालं तर लगेच दाखल करू, खर्च सगळा माझा.

त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावून ती माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "फार कडू होती हो. तुमचं मन मोडू नये म्हणून नाक दाबून घेत होतो."

बाहेर आई कुणालातरी, दवाखाना नवीन आहे पण हात गुणाचा आहे, असं सांगत होती.

३ जून

आईला काल सांगितलं. स्वयंपाकघरात, बायको शेजारी होती. मी आवाज चढवणार नाही असं ठरवून गेलो होतो आणि तरी चढवला. आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, तिच्या सासूनं शिकवलेली वेल, कुंपणावर आपसूक उगवलेली दिसली, देवानंच आणून दिली असं वाटलं. चाळीस वर्षं लोकांना दिली, कुणाला काही झालं नाही. मी म्हटलं, असल्या वेली सगळ्यांना त्रास देत नाहीत, काही जणांच्याच लिव्हरला चालत नाहीत, आणि कुणाच्या ते आधी कळत नाही. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "रोज पेला रिकामा करून देत होतास."

मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांना पण देत होते मी. शेवटपर्यंत."

माझा राग त्या क्षणी गेला. मी म्हटलं, "बाबांचं हृदय होतं, आई. त्यांचे लिव्हरचे सगळे रिपोर्ट मी पाहिले आहेत. साफ होते. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही."

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळ ओढला, अगदी जवळ, आणि निरखून पाहिलं. खरं बोलतोय का ते बघत असावी.

५ जून

आईनं ज्यांना पूड दिली त्यांची नावं आठवून सांगितली. सगळ्यांना फोन केले, सगळ्यांचं रक्त फुकट तपासलं. एका बाईचा आकडा थोडा वर, बाकी ठीक. माझा स्वतःचा ब्याण्णव. सिस्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघराकडचं ते मागचं दार ओढून घेतलं.

चष्मेवाल्यांची बायको आली. बसली नाही. म्हणाली, आम्ही तुमच्या पाटीवर विश्वास ठेवला, लोकांचे डबे उघडून बघता आणि आपल्या घरातले डबे कुठे जातात ते तुम्हाला ठाऊक नाही. एकही शब्द खोटा नव्हता. मी उभाच राहून ऐकलं.

१३ जून

आकडा चौदाशेवरून सहाशे. रक्त व्यवस्थित गोठतं आहे. धोका टळला असं आज पहिल्यांदा म्हणतो. स्टिरॉइड नाही, बायोप्सीची सुई नाही. आज जेवण अंगी लागलं.

आई मात्र मागच्या खोलीत परत गेली. खिडकी, खुर्ची, "बरी आहे." बाहेरची खोली भरलेली असते आणि कुणी कुणाशी बोलत नाही. एकानं विचारलं, पेपर ऐकणाऱ्या आजी कुठे आहेत. मी म्हटलं विश्रांती घेताहेत.

बायकोनं विचारलं, तू तिच्याशी बोललास का. मी म्हटलं बोललो की, सगळं समजावून सांगितलं. "ते तू बोललास," ती म्हणाली. "ती काय बोलली?"

२० जून

रविवार. दवाखाना बंद. मी आईला म्हटलं, चल, पुढे ये, आज तू पेशंट. पिशवी घेऊन ये. तिला वाटलं चेष्टा करतो. पण आली. नेहमीच्या खुर्चीवर नाही, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली, पदर नीट करून. पिशवीत रक्तदाबाची गोळी, गुडघ्याचं तेल, जुना चष्मा, आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेलं वेलीचं खोड आणि पानं. टाकवलं नाही म्हणाली.

मी एकेक हातात घेऊन विचारलं, कधीपासून, कोणी दिलं, कशासाठी. घड्याळाकडे बघितलं नाही. ती हळूहळू बोलायला लागली. सासूबाईंच्या वेलीचं पान कसं पातळ आणि टोकदार असतं, खोड कसं गुळगुळीत असतं, तोडलं की कसा वास येतो, हे तिनं इतकं सुंदर सांगितलं की मी ऐकतच राहिलो. मग फडक्यातलं खोड उचललं. बोटाएवढ्या गाठी होत्या त्याला. पान जाड.

मी ते तिच्यापुढे धरलं. म्हटलं, आई, हे गुळगुळीत आहे का?

तिनं बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग हात मांडीवर ठेवले.

"मला नीट दिसत नाही रे," ती म्हणाली. "तुझे बाबा आजारी होते तेव्हापासून. धुक्यातून बघावं तसं. पानं दिसली, वेल दिसली, तीच असेल म्हटलं. गाठी लागायच्या हाताला, म्हटलं जुनी असेल."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस कुणाला. ती म्हणाली, बाबांच्या वेळी कुणाला वेळ नव्हता. नंतर तुझा दवाखाना निघाला. आणि तू डॉक्टर, तुला कळलं असेलच, मोठं काही नसेल म्हणून बोलत नसशील.

पेपर. प्लॅस्टिकचं झाड. त्या दिवशी माझा चेहरा जवळ ओढला तो. मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो आणि रडलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, एवढं काय, म्हातारपणी होतंच. पेशंटनं डॉक्टरला समजवायची ही पहिलीच वेळ असेल या खोलीत.

२२ जून

आईचे डोळे चष्मेवाल्यांना दाखवले. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतला पिवळेपणा आता फक्त कडेला उरला आहे. त्यांनी आईला आपल्या दुकानात बसवून यंत्रातून बघितलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. म्हणाले, माझ्या काचांचं काम नाही, डोळ्यांच्या सर्जनकडे न्या. पेपर वाचून घेतात तेव्हाच शंका आली होती, पण डॉक्टरांच्या घरात ठाऊक असणार म्हणून बोललो नाही.

आईनं त्यांची माफी मागितली. मी बाहेर पायरीवर थांबलो होतो, काय बोलणं झालं ते ऐकलं नाही. बाहेर आली तेव्हा दोघंही डोळे पुसत होते आणि त्यांची बायको आईसाठी स्टूल शोधत होती.

९ जुलै

आईचा उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली. सर्जननं विचारलं, काय दिसतं आजी? तिनं आधी खिडकी बघितली, मग बायकोला बघून हसली, मग माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली.

"अरे," ती म्हणाली, "केवढे केस पिकले तुझे."

घरी येईपर्यंत गाडीत ती माझ्याकडेच बघत होती. मीही आरसा जरा तिच्याकडे वळवून ठेवला.

६ ऑगस्ट

चष्मेवाले: अडतीस. नॉर्मल. माझा: एकतीस. त्या बाईंचाही उतरला. रिपोर्ट मी तीनदा वाचला, मग सिस्टरांना वाचायला लावला. चष्मेवाल्यांनी हात पुढे करून दाखवला, बोटांत एवढासा स्क्रू, जराही हलत नव्हता.

कुंपणावरची वेल बायकोनं मुळासकट उपटली. प्लॅस्टिकचं झाड आईनं पट्टी काढून आल्याच दिवशी बाहेर काढलं. म्हणाली, ह्याला मी पाणी घालत होते आणि तुम्ही सगळे बघत होतात? बायको म्हणाली, आम्हाला वाटलं माया आहे. आई हसून हसून बेजार झाली.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. नव्या चष्म्याची फ्रेम चष्मेवाल्यांनी भेट दिली, नाकावर स्वतः बसवली. आज ती पुन्हा आपल्या वेताच्या खुर्चीवर बसली आणि पेपर स्वतःच मोठ्यानं वाचायला लागली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. मागचं दार सिस्टरांनी उघडं ठेवलं.

चहाला उठलो तेव्हा एक नवीन पेशंट मांडीवर पिशवी धरून बसला होता. आई त्याला पाटी समजावून सांगत होती. घरचं पिशवीत टाकलंत ना, शेजाऱ्याचं टाकलंत ना, असं विचारत होती. मग खाली वाकून म्हणाली, "आणि या घरातून कुणी काही दिलं, डॉक्टरांच्या आईनं दिलं तरी, ते आधी टाकायचं."